न हलणारा आकडा

संग्राम इंगवलेच्या संघातल्या तीन जणी एकाच शनिवारी जायबंदी झाल्या, तेव्हा लीगचा हंगाम नुकता कुठे सुरू झाला होता. सोलापूरच्या आघाडीच्या खेळाडूचा घोटा मुरगळला, अकोल्याच्या बचावपटूची मांडी आखडली आणि ठाण्याच्या गोलरक्षक पोरीचं बोट मोडलं. राखीव बाकावरच्या दोघींना त्यांच्या प्रशिक्षकांनी नेमकी त्याच दिवशी विश्रांती दिली. मैदानात उतरवायला धड अकरा जणीही उरल्या नाहीत. संग्रामने मोबाइल टीपॉयवर पालथा घातला आणि बायकोला म्हणाला, "संपलं. आज आपण अपुऱ्या टीमवर खेळायचं."

वृषाली मटकी निवडत होती. "तुम्ही कुठं खेळताय? सोफ्यावर बसलाय की," ती म्हणाली.

तिचंही खरंच होतं. 'पंधराजणी' हा खेळ सोफ्यावर बसूनच खेळायचा. महिलांच्या राज्य लीगमधल्या कुठल्याही पंधरा खेळाडू निवडायच्या, त्यांतल्या अकरा उतरवायच्या, एकीला कर्णधार करायचं. शनिवार-रविवारच्या खऱ्या सामन्यांत त्या जशा खेळतील तसे गुण आपल्या खात्यात, कर्णधाराचे दुप्पट. दर आठवड्याला दोनच बदल करता येत, आणि शुक्रवारी संध्याकाळी दार बंद. खेळाडू खऱ्या, सामने खरे, संघ मात्र मनातला. बक्षीस काही नव्हतं. राज्याच्या यादीत नाव वर चढायचं, एवढंच. पण तेवढ्यासाठी लाखो माणसं शुक्रवारी जेवण विसरायची.

संग्राम कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. वयाच्या तिशीपर्यंत पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघात डावा बचाव सांभाळलेला माणूस. आता तो शिरोलीच्या फाउंड्रीत तपासणी विभागाचा सुपरवायझर होता. फुटबॉल त्याच्या रक्तात होताच, पण या खेळाचा नाद लागायला कारण वेगळं होतं. त्याची एकुलती एक मुलगी राजनंदिनी, घरातली नंदू, नाशिकच्या 'गोदाकाठ' क्लबकडून मधल्या फळीत खेळायची. क्लबच्या होस्टेलवर राहायला गेल्यापासून तिचे फोन आखूड झाले होते.

"जेवलीस काय?"

"व्हय पप्पा, जेवलो." कोल्हापूरच्या पोरींसारखी ती 'जेवलो, येतो, जातो' असंच बोलायची.

"सराव?"

"झाला."

"बरं. ठेवू?"

"ठेवा."

बापलेकीत प्रेम भरपूर, बोलणं बेताचं. खेळात मात्र तिचा आकडा रोज दिसायचा. तो पाहिला की संग्रामला वाटायचं, चला, पोरीची खबर लागली.

तो आकडा यायचा पट्टीतून. मोज्याच्या आत, गुडघ्याखाली, बोटभर रुंदीची एक पट्टी शिवलेली असायची. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध म्हणजे एका परीने दोरखंडच; हजारो बारीक तंतूंचा पीळ. ताण वाढला की त्यातला एखादा तंतू तुटतो, आणि तुटताना आवाज करतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, पट्टीला यायचा. आवाज किती, कधी, कुठल्या वळणावर झाले यावरून यंत्र हिशेब मांडायचं: येत्या आठवड्यात ही खेळाडू जायबंदी होण्याची शक्यता शंभरात किती. त्याला म्हणायचे ताण-अंक. खेळाडू पोरी पट्टीला 'चुगली' म्हणायच्या, कारण लीगने हा आकडा सगळ्यांना खुला ठेवला होता. त्याशिवाय 'पंधराजणी'ला रंगत कशी येणार? पोरींची संमती घेतलेली होती. ती दिल्याशिवाय क्लबचा करारच होत नव्हता.

संग्रामला हे समजायला जड गेलं नाही. त्याचं आयुष्य ओतकामाच्या तुकड्यांवर हातोडीची टिचकी मारण्यात गेलं होतं. स्वच्छ वाजला तर माल चांगला, बद्द वाजला तर आत तडा. आता फाउंड्रीतही यंत्रंच ऐकायची, पण तत्त्व तेच.

तर त्या वाईट शनिवारनंतर त्याने चंग बांधला. गेल्या वर्षभरातले सगळ्या खेळाडूंचे ताण-अंक खुलेच होते. ते त्याने खाली उतरवून घेतले आणि प्रत्येकीची रेषा काढली. बघता बघता त्याच्या लक्षात एक गंमत आली. बऱ्याच जणींची रेषा भरती-ओहोटीसारखी हलत होती. साधारण महिन्याने चढायची, काही दिवस वर राहायची, मग उतरायची. तिचा सामन्यांशी संबंध नव्हता, सरावाशी नव्हता, प्रवासाशी नव्हता. प्रत्येकीची वेळ वेगळी, पण जिची तिची ठरलेली. असं का होतं याच्या खोलात तो गेला नाही. भट्टीवरच्या माणसाला 'का'पेक्षा 'केव्हा' महत्त्वाचं असतं. लीगच्या तज्ज्ञांनीही ते पाहिलं असणारच. त्यांनी त्याला 'आवर्ती बदल' असं नाव देऊन फाइल बंद केली असावी.

संग्रामने त्या भरती-ओहोटीवर संघ बांधला. एकीला भरती तेव्हा दुसरीला ओहोटी, अशा जोड्या लावल्या. चढत्या रेषेची खेळाडू बाकावर, उतरत्या रेषेची मैदानात. जायबंदी होण्याआधीच त्याच्या पोरी बाहेर बसलेल्या असायच्या. दसऱ्यापर्यंत तो राज्यात पहिल्या शंभरात आला आणि दिवाळीला तिसरा.

खेळातलं त्याचं नाव होतं 'भट्टीवाला'. तालमीतला जुना सवंगडी अल्ताफ शिकलगार, ज्याचं गंगावेशीत टायरचं दुकान होतं, तो 'पंधराजणी'चा मोठा ग्रुप चालवायचा. त्याने गळ घातली, "भावा, एकट्यानं खाऊ नको. फिरती कशी लावतोस ते लिही की." संग्रामने लिहिलं. 'भट्टीवाल्याची फिरती' वाऱ्यासारखी पसरली. पुढे पुढे खऱ्या संघांचे प्रशिक्षकही ती वापरू लागले. लातूरच्या प्रशिक्षकाने तर मुलाखतीत नाव घेऊन सांगितलं की मी आता फिरतीप्रमाणेच मुली बसवतो. त्या दिवशी संग्रामने नाशिकला आपणहून फोन लावला.

"नंदू, ऐकलंस काय? भट्टीवाला म्हणजे कोण, माहीत हाय ना?"

ती म्हणाली, "तुम्ही. माहीत आहे पप्पा. ठेवू?"

त्याला वाटलं, सरावाची गडबड असेल.

नंदूची स्वतःची रेषा आधी इतरांसारखीच हलायची. होळीनंतर मात्र ती हलायची थांबली. बावीस, तेवीस, बावीस. आठवडे गेले तरी तेच. राज्यातल्या लाखो लोकांनी तिला कर्णधार केलं. 'इंगवले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,' असं लोक लिहायचे. गोदाकाठचे प्रशिक्षक बाकीच्या मुलींना आलटून-पालटून बसवायचे, नंदूला मात्र तेव्हापासून कधीच नाही. जिचं तापमान हलत नाही ती उत्तम भट्टी, हे संग्रामला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पोरीची सरळ रेषा बघून त्याची छाती फुगायची.

उपांत्य सामन्याच्या आधीच्या रविवारी अल्ताफ घरी आला. फिरतीवर एक व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचा बेत होता. संग्रामने मोबाइल टीव्हीला जोडला आणि भिंतीएवढ्या पडद्यावर रेषा उमटल्या. लाल, निळ्या, हिरव्या. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या. वृषाली चहा घेऊन बाहेर आली. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. फुटबॉलमध्ये तिला नंदूपुरताच रस. ट्रे हातात तसाच धरून ती पडद्याकडे बघत राहिली.

"हे काय दर महिन्याला असंच होतं?" तिने विचारलं.

"तेच तर गुपित आहे वहिनी," अल्ताफ खुशीत म्हणाला. "सगळ्या महाराष्ट्रात तुमच्या मालकांनाच सापडलं."

वृषालीने ट्रे खाली ठेवला. "अल्ताफभाई, चहा घ्या. पण व्हिडिओचं आज राहू द्या."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. अल्ताफने चहा संपवला आणि दुकानाचं कारण सांगून तो निघाला. दार लागल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"महिन्याच्या महिन्याला बाईचं काय येतं-जातं?"

संग्रामला दोन क्षण लागले. मग त्याच्या कानशिलांपर्यंत गरम झालं. त्याने आधी टीव्ही बंद केला. कुणाच्या तरी घरात आपण न विचारता शिरलो आणि नको ते पाहिलं, असं त्याला झालं.

"गुडघ्याचा आकडा आहे तो," तो कसाबसा म्हणाला.

"गुडघा काय बाईला सोडून वेगळा असतो?"

शंभर-दीडशे पोरींचं हे गणित त्याने जोड्या लावून, रंग देऊन गावभर वाटलं होतं. टपरीवर, हापिसात, कॉलेजच्या कट्ट्यावर माणसं ते वाचून पोरी निवडत होती.

"परत लावा," वृषाली एकदम म्हणाली.

"काय?"

"टीव्ही. नंदूची रेषा दाखवा."

त्याने दाखवली. वृषाली उठून पडद्याजवळ गेली. सरळ रेषेवरून तिने बोट फिरवलं आणि जिथे ती हलायची थांबली होती तिथे आणून ठेवलं.

"ही होळीपासून अशीच आहे?"

"हो. स्थिर आहे. चांगली..." बोलता बोलता तो थांबला.

दोघांच्याही मनात एकच शंका आली आणि दोघांनीही ती तोंडातून काढली नाही. वृषाली फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. संग्राम सोफ्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"तसलं काही नाही," तिने आधी तेच सांगितलं. त्याने श्वास सोडला. "पण थांबलीय. म्हणाली, बऱ्याच जणींची थांबते आई, त्यात काय. डॉक्टरला दाखवलं नाही. आणि..."

"आणि काय?"

"म्हणाली, बरंच झालं. त्यामुळं जागा टिकली."

दुसऱ्या दिवशी ती दोघं डॉक्टर फाल्गुनी बेलवलकरांकडे गेली. वृषालीच्या त्या जुन्या डॉक्टर. बायकांच्या दवाखान्यात संग्राम नंदूच्या जन्मानंतर प्रथमच आत येऊन खुर्चीवर बसला होता. त्याने मोबाइलवरच्या रेषा पुढे केल्या. बाईंनी त्या नीट पाहिल्या.

"पाळीच्या चक्रात शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि त्याबरोबर अस्थिबंध थोडे सैल, थोडे घट्ट होतात. तुमची पट्टी तेच ऐकतेय. म्हणून भरती-ओहोटी. आता ही मुलगी बघा. हिची लाट गेली. का? शरीराला खर्चाएवढं अन्न मिळत नसेल, तर ते एकेक विभाग बंद करत जातं. जगायला जे लगेच लागत नाही ते आधी बंद. पहिली जाते पाळी. लाट नाही म्हणून आकडा स्थिर. पण पाळीबरोबर जे संप्रेरक जातं, तेच हाडांची रोजची डागडुजी करत असतं. पळून पळून हाडाला बारीक चिरा जातात, त्या भरणारं कुणी राहत नाही."

"पण पट्टीला तडा ऐकू येईल ना?" संग्रामने विचारलं.

"ती अस्थिबंधांसाठी बनवलीय. हाड तिला ऐकू येत नाही." बाईंनी मोबाइल परत दिला. "वर-खाली होणाऱ्या मुलींची मला काळजी नाही, इंगवले. या सरळ रेषेची आहे. हिचा एमआरआय करून घ्या. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही."

शुक्रवारी रजा टाकून दोघं नाशिकला पोचली. उपांत्य सामना रविवारी होता. तो जिंकला तर अंतिम फेरी, आणि त्यानंतर लगेच राष्ट्रीय शिबिराची निवड. होस्टेलच्या जिन्यावरून नंदू खाली आली. हसत आली, पण कठड्याला धरून आली आणि प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी टेकवत आली. संग्रामने आयुष्यभर दुखऱ्या पायांनी जिने उतरणारी माणसं पाहिली होती. तिचा चेहरा ओढला होता, मनगटं काड्यांसारखी झाली होती. टीव्हीवर ते दिसलं नव्हतं.

जवळच्या खानावळीत तिघं बसली. नंदूने अर्धी भाकरी घेतली आणि काकडी. वृषालीने ताटाकडे पाहिलं. संग्रामनेच सुरुवात केली.

"नडगी कधीपासून दुखतीय?"

"थोडी दुखते. सगळ्यांचीच दुखते."

"नंदू."

तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "पप्पा, गेल्या वर्षी मी अकरात असायचो. तुमची फिरती आली आणि सरांनी ती भिंतीवर लावली. माझा आकडा चढला की मला बसवायचे. अंगात काही दुखत नसताना, पळायची इच्छा असताना बाहेर. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या जागी जी खेळायची तिचं नाव व्हायला लागलं. मग केतकीनं सांगितलं, माझ्या खोलीतली. म्हणाली, कमी खायचं आणि जास्त पळायचं, दोन-तीन महिन्यांत चुगली गप्प बसते. तिची बसली होती. मग माझी पण बसली."

"कितीजणी आहात अशा?"

"आमच्यात पाच. दुसऱ्या टीममध्येही असतील."

"आणि मला एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

"काय सांगणार होतो?" तिचा आवाज चढला, मग तिने आजूबाजूला बघून तो खाली आणला. "पप्पा, तुम्ही ज्याचा आलेख काढलाय ती माझी पाळी आहे, असं सांगायचं होतं? फोनवर? तुम्ही केवढे खूश होता."

तो शब्द ती बापासमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. संग्रामने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

वृषालीने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं समजावलं. नंदूने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, दोन सामने. फक्त दोन. शिबिर झालं की मी जेवतो, डॉक्टरकडे जातो, म्हणशील ते करतो. आता सांगितलं तर सर बसवणार. आणि पप्पा, तुम्ही सरांना भेटायचं नाही. ग्रुपवर लिहायचं नाही. माझ्याबद्दल परत कुणाला काही कळवायचं नाही."

वृषालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो ओरडेल, असं तिला वाटलं. वाटेत गाडीत तो म्हणालाच होता, की वेळ आली तर उचलून घरी आणीन.

"नाही भेटणार," संग्राम म्हणाला. "रविवारी खेळायचं का नाही ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही. पण त्याआधी एमआरआय काढ. आईबरोबर जा. काय निघेल ते तुझ्यापाशी ठेव, मला सांगू नको."

"सांगू नको?"

"मला तुझं लय कळलंय नंदू, तुला न विचारता. आता बास."

तिने मान हलवली. हो म्हणाली का नाही, ते त्याला कळलं नाही.

संध्याकाळी लॉजवर असताना अल्ताफचा फोन आला. "भावा, टीम भरली नाहीस? दार बंद व्हायला आलंय. आज पहिल्या नंबरवर हायस तू!"

"राहू दे. अल्ताफ, फिरतीचं जे लिहिलंय ते ग्रुपवरनं काढून टाक."

"का? काय झालं?"

"तुला दोन पोरी हायत. घरी जा आणि भाभींना त्या रेषा दाखव. त्या सांगतील काय झालं ते."

अल्ताफचा पुन्हा फोन आला नाही. थोड्या वेळाने फक्त निरोप आला, 'काढलं.' त्याने काय होणार होतं म्हणा. फिरती एव्हाना हजार फोनमध्ये होती, क्लबांच्या भिंतींवर होती. सुटलेला बाण भात्यात परत येत नाही. पण आपल्या हातून सुटला तो निदान आपण थांबवायचा प्रयत्न केला, एवढंच त्याला वाटलं.

शनिवारी नंदू आईबरोबर गेली. दुपारी वृषाली एकटीच लॉजवर परतली. संग्रामने तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येतं का ते पाहिलं, मग मुद्दाम वर्तमानपत्र उघडलं. "चहा सांगू?" त्याने विचारलं. "सांगा," ती म्हणाली. पोरीच्या बाबतीत काही माहीत नसण्याची त्याला सवय नव्हती. त्या दिवसभरात त्याचा हात पुन्हा पुन्हा मोबाइलकडे गेला आणि प्रत्येक वेळी त्याने तो मागे घेतला.

रविवारी मैदान भरलं होतं. गोदाकाठच्या अकरा जणी बोगद्यातून बाहेर आल्या. संग्राम एकेकीचा चेहरा बघत गेला. नंदू त्यांच्यात नव्हती. सगळ्यांत शेवटी ती आली, ट्रॅकसूटमध्ये, उजव्या पायात गुडघ्यापर्यंतचा जाड प्लास्टिकचा बूट घालून, कुबडीवर. बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

स्टँडमध्ये कुजबुज उठली आणि सगळीकडे मोबाइल निघाले. शेजारचा तरुण कपाळावर हात मारून म्हणाला, "इंगवले बाहेर? अहो, आकडा तर बावीस दाखवतोय! माझी कॅप्टन आहे ती!"

"माझी मुलगी आहे," संग्राम म्हणाला.

तरुण चमकला. "मग काका, आधी सांगायचं की राव! शुक्रवारी काढली असती."

"मलाही आत्ताच कळलं," संग्राम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधाच होता.

गोदाकाठ एका गोलने हरलं. नंदूच्या जागी खेळणारी पोरगी चांगली खेळली. नंदू बाकावरून ओरडून तिला जागा सांगत होती. नंतर वृषालीकडून कळलं, की उजव्या नडगीच्या हाडात मोठी चीर निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून एखादा सामना खेळलीस तर मैदानातच दोन तुकडे होतील. शनिवारी संध्याकाळी नंदूने एमआरआयचा फोटो खोलीवर नेऊन केतकीला दाखवला. केतकी तरी रविवारी खेळलीच. मंगळवारी मात्र ती आणि आणखी तिघी एमआरआयला गेल्या. केतकीच्या खुब्याच्या हाडातही चीर होती.

पुढचं नंदूने स्वतः केलं. पाय खुर्चीवर ठेवून ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि साध्या शब्दांत बोलली: आकडा का हलतो, का हलायचा थांबतो, आणि तो गप्प करायला आम्ही काय केलं. फिरती कुणाची, हे तिने सांगितलं नाही. संग्रामने स्वतःच्या नावाने त्याखाली लिहिलं, की फिरती मी काढली, ती काय आहे ते न समजता काढली, कृपा करून वापरू नका. काही लोकांनी त्याला शिव्या घातल्या, काहींनी नंदूवर घाणेरडे विनोद केले. ते तिने वाचले आणि त्याने वाचले, आणि दोघांनीही ते सोसले. पाठोपाठ दुसऱ्या संघांतल्या मुलीही बोलू लागल्या. सात संघांच्या खेळाडूंनी मिळून सांगितलं, की हा आकडा आमचा आहे, आमच्याशिवाय कुणी बघायचा नाही. लीगने बरीच टाळाटाळ केली. पण पोरींनी मोजे न घालता सराव सुरू केला, तेव्हा पुढच्या हंगामापासून ताण-अंक फक्त त्या त्या खेळाडूला आणि तिच्या डॉक्टरला द्यायचं ठरलं. 'पंधराजणी' चालूच राहिला. कोण जायबंदी होणार, कोणाला विश्रांती मिळणार, हे आता लोकांना पूर्वीसारखं अंदाजाने ठरवावं लागायचं. मजा गेली, अशी अल्ताफ कुरकुर करायचा, आणि दर शुक्रवारी टीमही भरायचा.

नंदूला शिबिराचं बोलावणं आलं नाही. हंगाम गेला, गोदाकाठने करार वाढवला नाही. ती घरी आली. महिनाभर कुबडी, मग चालणं, मग पुष्कळ दिवसांनी हळूहळू पळणं. जेवण वाढवणं तिला पळण्यापेक्षा अवघड गेलं. पहिले काही आठवडे ताटावर बसून ती रडायची आणि वृषाली शेजारी बसून राहायची. नंदू चिडायची, ताट सरकवायची, पुन्हा ओढायची. संग्राम तिच्याबरोबर सकाळी पेठेच्या मैदानावर जायचा. ती दोन फेऱ्या पळायची, तो एक. वजन किती, दुखतंय का, असलं तो विचारायचा नाही. वाटेत दोघं दुसरंच काही बोलायची. बोलणं पूर्वीपेक्षा थोडं लांबलं होतं.

एके दिवशी सकाळी तो दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होता. नंदू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, चेहरा झोपेने सुजलेला.

"पप्पा, आज मी येत नाही."

"बरं. काय झालं?"

"पाळी आलीय. पोट दुखतंय."

गॅसपाशी उभ्या असलेल्या वृषालीचा हात कढईवर थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. संग्रामने बांधलेली नाडी सोडली, बूट काढून ठेवले आणि आत आला.

"गरम पाण्याची पिशवी कुठं असते गं?" त्याने बायकोला विचारलं.

"कपाटात. खालच्या कप्प्यात," वृषाली म्हणाली.

त्याने पिशवी शोधून काढली, पातेल्यात पाणी घेतलं आणि मोठ्या आचेवर ठेवलं.

"पप्पा, उकळतं नको," नंदू खुर्चीवर पाय वर घेऊन बसत म्हणाली. "भाजेल मला."

त्याने गॅस बारीक केला आणि पातेल्यापाशी उभा राहिला.